चालेल

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एका रविवारी माझा भाचा घरी आला, तो हातात एक वाकवलेली पोलादी नळी घेऊनच. धाकट्या बहिणीचा हा मुलगा तेव्हा अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होता. नळी त्याने बैठकीतल्या तिपाईवर ठेवली आणि चहा येण्यापूर्वीच विचारले, "मामा, ही चालेल ना?"

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. पोलादातले मला काही कळत नाही, हे त्याला ठाऊक होते. तरीही तो माझ्याकडे आला याची दोन कारणे होती. एक तर त्याला थोडे पैसे हवे होते. दुसरे कारण त्याने सांगितले नाही. पण ते मला त्याच्या 'ना'मध्ये ऐकू आले. 'चालेल का?' असे विचारणारा माणूस उत्तराच्या शोधात असतो. 'चालेल ना?' असे विचारणाऱ्याजवळ उत्तर असते, आणि त्याला त्या उत्तरापाशी एकट्याने उभे राहायचे नसते.

त्याच्या महाविद्यालयातील वीस-पंचवीस मुले मिळून एक गाडी बांधत होती. 'बाहा' नावाची एक स्पर्धा आहे. मेक्सिकोतल्या ज्या द्वीपकल्पाच्या वाळवंटात १९६७ पासून मोटारींची दूर पल्ल्याची शर्यत होते, त्याचे हे नाव. अमेरिकेतल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने १९७६ साली साउथ कॅरोलायना विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी ही स्पर्धा प्रथम भरवली. आपल्याकडे ती २००७ साली इंदूरजवळच्या पीथमपूरला सुरू झाली. खाचखळग्यांतून आणि चढउतारांवरून धावणारी एका माणसाची गाडी मुलांनी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि स्वतःच चालवायची. अशी गाडी कधीतरी उलटणार, हे गृहीतच धरलेले असते. म्हणून चालकाभोवती पोलादी नळ्यांचा एक पिंजरा उभारतात. गाडी उलटली की सगळा भार त्या पिंजऱ्यावर यावा आणि आतले माणूस शाबूत राहावे, एवढ्यासाठी तो असतो.

ही कल्पना अमेरिकेच्या आणि युरोपच्या शर्यतींतली. कॅलिफोर्नियात आटलेल्या तळ्यांच्या सपाट तळांवर जुन्या गाड्या वेगाने पळवणाऱ्या तरुणांनी १९३७ साली आपली संघटना उभारली होती. पुढे चालकाच्या डोक्यामागे नळीची एक कमान बसवण्याची रीत हळूहळू रुळली. ग्रां प्रीच्या गाड्यांना अशी कमान १९६१ साली सक्तीची झाली. कमानीला पुढून आणि बाजूंनी जोड मिळत गेले आणि तिचा पिंजरा झाला. अमेरिकेत आजही अनेक हौशी माणसे आपल्या घरच्या गॅरेजात स्वतःच्या शर्यतीच्या गाडीचा पिंजरा स्वतः बांधतात. त्यासाठी नळी कोणत्या अवजाराने वाकवावी, यावर त्यांच्यात जो वाद चालतो तो आपल्याकडच्या गवयांच्या घराण्यांच्या वादाइतकाच हिरिरीचा असतो. माझ्या तिपाईवरच्या नळीत हाच वाद दडला होता.

नळी वाकवणे ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत अगदी साधी वाटत होती. भाच्याने कागद घेऊन ती मला समजावून दिली. स्पर्धेच्या नियमातली मूळ नळी एक इंच व्यासाची आणि तीन मिलिमीटर जाडीची. पण तितकीच ताठ आणि तितकीच बळकट असल्याचे गणिताने दाखवले, तर मोठ्या व्यासाची आणि पातळ भिंतीची नळीही घेता येते. या मुलांनी सव्वा इंची, म्हणजे बाहेरून ३१.७५ मिलिमीटर व्यासाची आणि अवघ्या १.६५ मिलिमीटर जाडीची नळी घेतली होती. तिने वजन लांबीमागे सुमारे पाव हिश्श्याने घटते, आणि शर्यतीत वजन म्हणजे वेळ. परंतु या हलकेपणाची किंमत वाकवताना मोजावी लागते. समजा, नळीला काटकोनाचा बाक द्यायचा आहे आणि बाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट ठेवायची आहे. तर मुळात दीडशे मिलिमीटर लांबीचा जो तुकडा बाकात येतो, त्याची बाहेरची कड ताणून सुमारे पावणेदोनशे होते आणि आतली कड दबून सव्वाशे होते. एकाच तुकड्याच्या दोन कडांत पाच सेंटिमीटरांचे अंतर पडते! बाहेरची भिंत ताणाने पातळ होते. आतली भिंत गोळा होऊन जाड होते, आणि तिला धड गोळा होता आले नाही तर तिच्यावर सुरकुत्या पडतात. दोन्ही भिंती मधल्या पोकळीकडे सरकू पाहतात, त्यामुळे गोल नळी चपटू लागते. नुसती वाकवायची तर नळी झाडाच्या बेचक्यात घालूनही वाकेल. ती वाकत असताना गोल ठेवायची, हे अवजाराचे खरे काम.

मुलांपुढे तीन मार्ग होते. नळजोडणीची कामे करणारे वापरतात तसला हायड्रॉलिक पाइप बेंडर महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये पडून होता. त्यात नळी दोन रोलरांना टेकते आणि मधून दट्ट्या तिला रेटतो. दुसऱ्या प्रकारच्या बेंडरमध्ये नळीचे टोक एका गोल साच्याला घट्ट आवळतात. साचा फिरतो तशी नळी त्याच्याभोवती ओढली जाते आणि बाहेरच्या अंगाने एक ठोकळा तिला सतत आधार देत राहतो. त्याच्या साच्याची खाच नळीच्या व्यासाशी नेमकी जुळावी लागते, म्हणून प्रत्येक व्यासाला निराळा साचा विकत घ्यावा लागतो. तिसऱ्या आणि सर्वांत महाग प्रकारात नळीच्या पोकळीतही एक आधार सारलेला असतो, म्हणजे भिंतीला आत कोसळायला जागाच उरत नाही. तसले यंत्र मोठ्या कारखान्यांतूनच असते.

मुलांनी अर्थातच हाताशी होता तो बेंडर वापरला. आता यातली गंमत पाहा. पाण्याचा पाइप त्याच्या पोकळीच्या नाममात्र मापाने ओळखला जातो, आणि नळी तिच्या बाहेरच्या खऱ्या मापाने. बाजारातला 'एक इंची' पाइप बाहेरून ३३.७ मिलिमीटर भरतो आणि 'सव्वा इंची' पाइप ४२.४. त्यामुळे सव्वा इंची नळी त्या बेंडरच्या सव्वा इंची खाचेत ठेवली, तर बापाच्या वहाणांत पोराने पाय घालावेत तशी ती डुलते. मुलांनी ती एक इंची खाचेत ठेवली. तिथेही तिला दोन मिलिमीटर सैल जागा होती. दट्ट्या रेटू लागला तशी नळी त्या मोकळ्या जागेत आडवी पसरली. बाकाच्या मध्यावर ती एका अंगाने ३३ मिलिमीटर आणि दुसऱ्या अंगाने ३० भरली, आणि आतल्या कडेवर तीन बारीक सुरकुत्या उमटल्या. डोळ्यांना त्या चटकन दिसत नव्हत्या. बोट फिरवले की मात्र लागत होत्या.

भाच्याने पुढे सांगितले की, मोटार-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत या बाबतीत दोन-तीन गोष्टी स्पष्ट आहेत. नळी थंड अवस्थेतच वाकवावी, बाकाची त्रिज्या व्यासाच्या निदान तिप्पट असावी, नळी चपटली तर लहान व्यासाचे मोठ्या व्यासाशी प्रमाण ०.९ पेक्षा कमी नसावे, आणि बाकाचा पृष्ठभाग सुरकुत्या किंवा तडे नसलेला, गुळगुळीत असावा. त्याच्या स्पर्धेची नियमावली वेगळी होती. पण मनाशी ताडून पाहण्यासाठी त्याने ही पट्टी लावली होती. तीस भागिले तेहेतीस म्हणजे ०.९१. एका वाक्याप्रमाणे नळी उत्तीर्ण, दुसऱ्या वाक्याप्रमाणे नापास. "आणि रंग दिल्यावर सुरकुत्या कोणाला दिसणार आहेत?" हे वाक्य तो खाली पाहून बोलला.

या ठिकाणी मला माझ्या विषयाचा आधार सापडला. 'चालणे' या क्रियापदाचा हा जो अर्थ आहे, त्याला एक 'कोणाला' लागतो आणि एक 'कशासाठी' लागतो. बोलताना आपण हे दोन्ही गाळतो, आणि गाळल्यामुळेच तो शब्द आपल्याला इतका सोयीचा वाटतो. तोच बेंडर, तीच खाच, तोच चपटा बाक पाण्याला चालतो. पाइप थोडा चपटला म्हणून पाणी तक्रार करीत नाही. ते जरा कमी वाहते इतकेच. तेव्हा बेंडर वाईट होता असे म्हणता येणार नाही. तो ज्या कामासाठी घडवला त्या कामात तो उत्तम आहे. चूक झाली ती 'पाण्याला चालते' या पूर्ण वाक्यातले 'पाण्याला' पुसून टाकण्यात झाली. आपल्या रोजच्या व्यवहारातल्या बऱ्याच लबाड्या अशाच घडतात. आपण खोटे बोलत नाही. खऱ्या वाक्यातला एखादा शब्द गाळतो.

भाच्याजवळ युक्तिवाद होते, आणि ते हसून सोडून देण्यासारखे नव्हते. पहिला संभवाचा. शेकडो गाड्या बांधल्या जातात, त्यांतल्या थोड्या उलटतात. ज्या उलटतात त्यांतही नेमक्या याच बाकावर भार येईल असे नाही. हे खरे आहे. परंतु खुर्ची किंवा शिडी ही रोज परीक्षा देणारी वस्तू आहे. कच्ची असेल तर चार दिवसांत कुरकुरते आणि बोभाटा करते. पिंजऱ्याचे तसे नाही. तो आयुष्यात एकदाच परीक्षेला बसतो, किंवा कधीच बसत नाही. आणि जोवर बसत नाही तोवर चांगला पिंजरा आणि वाईट पिंजरा यांत बाहेरून काडीचाही फरक नसतो. अशा वस्तू करणाऱ्या माणसाला अनुभव शिकवू शकत नाही. त्याच्या शंभर चुका खपून जातात आणि प्रत्येक खपलेली चूक त्याला सांगते की, तू बरोबर होतास. संभवाचा हिशेब अशा वेळी शहाणपणाचा वेष घेऊन येतो खरा. पण तो हिशेब ज्याचे डोके पिंजऱ्यात आहे त्याने मांडला तर एक, आणि ज्याचे नाही त्याने मांडला तर दुसरा.

दुसरा युक्तिवाद नियमाचा. तपासनिसांनी पास केले की झाले! नियमांविषयी मला आदर आहे. परंतु नियमाची नजर कुठवर पोचते हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतल्या हौशी शर्यतींत पिंजऱ्याच्या नळीला एक लहानसे भोक पाडून ठेवण्याची पद्धत आहे. त्यातून भिंतीची जाडी मोजता येते. पण ते भोक, उघडच आहे, जिथे भार कमी येतो अशा जागी पाडतात. बाकात पाडले तर तपासणीनेच नळी दुबळी व्हायची. म्हणजे जिथे भिंत सर्वांत पातळ झालेली असण्याचा संभव, तिथे ते भोक पोचत नाही. तपासनिसाला दिसते ते पाहून, न दिसणाऱ्या भागाविषयी त्याला कारागिरावरच विसंबावे लागते. ०.९ हा आकडा काढणाऱ्यांनी असा माणूस गृहीत धरला असावा की जो योग्य अवजार घेईल, काळजीने वाकवील, आणि तरीही थोडे उणे राहिले तर तेवढे त्याला माफ असेल. ती माफी आधीच हिशेबात धरून जो कामाला बसतो, त्याच्यासाठी तो आकडा नव्हता.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो अदृश्य होतो. मग ग्लॉकन विचारतो, अशी अंगठी मिळाल्यावर न्यायाने वागणारा माणूस कोणी उरेल काय? लहानपणी ही गोष्ट मला परीकथेसारखी वाटे. अशी अंगठी कोणाला मिळायची आहे! आता वाटते, ती प्रत्येक कामकऱ्याला रोज मिळते. तो स्वतः अदृश्य होत नाही, त्याचे काम होते. गवंड्याचा पाया मातीखाली जातो, शिंप्याची शिवण अस्तराखाली जाते, परीक्षकाने न वाचता दिलेला गुण बेरजेत जातो आणि नळीची सुरकुती रंगाखाली जाते.

या विषयावर मी असा अधिकाराने बोलत आहे, त्याचे एक कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. भाच्यालाही मी ते त्या दिवशी प्रथमच सांगितले. वीस-बावीस वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या रंगमंचाची व्यवस्था माझ्याकडे होती. मंचाच्या फळ्या लाकडी घोड्यांवर टाकायच्या. त्यांतल्या एका घोड्याचा पाय उभा चिरलेला होता, तो मी पाहिला. दुसरा घोडा भाड्याने आणायचा तर संध्याकाळ मोडली असती. मी म्हणालो, "दोरीने आवळून घ्या, चालेल. दोनच दिवसांचा तर प्रश्न." आणि चाललेही! दोन दिवस मुले त्या मंचावर नाचली, बक्षीस समारंभ झाला, पाहुण्यांनी व्यवस्थेचे कौतुक केले. तिसऱ्या दिवशी सकाळी पडदा उतरवायला आमचे शिपाई एकटेच मंचावर चढले आणि त्या कोपऱ्यातला घोडा बसला. त्यांचा घोटा मोडला. तो नीट जुळला नाही. निवृत्त होईपर्यंत ते पाय ओढत चालत. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "माझाच पाय घसरला, सर." मी काही बोललो नाही. इतक्या वर्षांत कधीच बोललो नाही. चिरलेला पाय मी पाहिला होता, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि दुसऱ्या कोणालाही नव्हते. शाळेच्या व्हरांड्यातून त्यांच्या एका पायाचा घासत येणारा आवाज मी निवृत्तीपर्यंत ऐकला.

भाचा काही वेळ गप्प बसला. मग त्याने तिसरा युक्तिवाद काढला, आणि हा मला सर्वांत कठीण वाटला. तो म्हणाला, "मामा, हे सगळं पटतं. पण ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनाच ही नीती परवडते. ज्या कॉलेजांत फिरत्या साच्याचा बेंडर आहे ते चांगला पिंजरा बांधणार आणि नैतिकही ठरणार. आम्ही गरीब, म्हणून आम्ही अनैतिक?"

या प्रश्नापुढे घाईने उत्तर देणारा माणूस कधी अडचणीत सापडलेला नसावा. गरिबाला सल्ला देताना सद्गुणांची किंमत आपण नेहमीच कमी सांगतो. तरीही विचार करता मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की, अवजार विकत घेणे आणि अवजार निवडणे या एक गोष्टी नव्हेत. ज्याच्याजवळ साचा नाही, तो सहा बाकांऐवजी तीन बाकांचा पिंजरा आखू शकतो आणि उरलेल्या जागी सरळ नळ्या जोडू शकतो. तो थोडे वजन पत्करून जाड भिंतीची नळी घेऊ शकतो, कारण जाड नळी अशी सहज कोसळत नाही. तो नळ्या घेऊन ज्याच्याकडे योग्य यंत्र आहे त्याच्या दारात जाऊ शकतो आणि बाकापुरते पैसे देऊ शकतो. तो नळीत कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडे बंद करून वाकवण्याची जुनी युक्ती एखाद्या तुकड्यावर करून पाहू शकतो. तीही फसली तर तो तुकडाच फुकट जातो, माणूस नव्हे. आणि यांपैकी काहीच जमले नाही, तर 'यंदा नाही' असे म्हणण्याची वाट उरतेच. यांतल्या प्रत्येक वाटेवर काहीतरी सोडावे लागते: वेग सोडावा लागतो, मिरवणे सोडावे लागते, एक वर्ष सोडावे लागते. पण ते आपले आपण सोडायचे असते. 'चालेल'च्या वाटेवरही किंमत द्यावी लागतेच. फक्त ती दुसऱ्याच्या खिशातून जाते आणि त्याला न विचारता जाते.

दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची. उत्तम अवजार हाती आले म्हणजे माणूस उत्तम झाला, असे मुळीच नाही. पोकळीत आधार सारून वाकवणाऱ्या महागड्या यंत्रातूनही निष्काळजी माणूस गुळगुळीत दिसणारा पण नको इतका पातळ झालेला बाक काढू शकतो. पोलाद वाकवून सोडले की ते थोडे परत उसळते. प्रत्येक जातीची नळी किती अंश उसळते, हे आधी टाकाऊ तुकड्यावर पाहून वहीत टिपून ठेवावे लागते, आणि ही वही कोणत्याही यंत्राबरोबर फुकट मिळत नाही. मग अवजाराच्या निवडीत नीतीचा प्रश्न येतो तो कुठे? मला वाटते, तो येथे येतो: अवजार निवडताना आपण आपले पुढचे मोह निवडीत असतो. चुकीचा बेंडर हाती धरला की प्रत्येक बाक हा एक कसोटीचा प्रसंग होतो. नळी वाकली, सुरकुती पडली, नळीचे पैसे गेले, दिवस गेला, मित्र थकले, आणि अशा वेळी 'फेकून द्या' म्हणायला जे धैर्य लागते ते एका माणसाजवळ एकदा असते, दोनदा असते, सातव्यांदा नसते. योग्य अवजार घेणारा सातव्या वेळेची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवतो. आपण नीतीचा विचार करतो तेव्हा आपल्यापुढे नेहमी मोहाशी झुंजणारा वीर उभा राहतो. पण वारंवार झुंजावे लागणार नाही अशी व्यवस्था आधीच लावून ठेवणे, हाही नीतीचाच भाग आहे; आणि आपल्यासारख्या मध्यम प्रतीच्या माणसांना तोच अधिक झेपणारा आहे. मला त्या संध्याकाळी वीराचे धैर्य नव्हते, यात नवल नाही. मंच उभारण्याच्या आठ दिवस आधी मी घोडे मोजून, तपासून ठेवले असते, तर मला धैर्याची गरजच पडली नसती.

पैशांचे काय ते नंतर पाहू, असे मी म्हणालो आणि एकच विचारले, "गाडी कोण चालवणार आहे?"

चालवणार होता तिसऱ्या वर्षातला एक मुलगा. अंगाने हलका आणि हाताने चपळ म्हणून त्याची निवड झाली होती. नळ्या वाकवल्या त्या दिवशी तो तिथे नव्हता.

येथे अमेरिकेतला तो गॅरेजवाला आणि माझा भाचा यांच्यात मोठा फरक पडतो. जो स्वतःच्या गाडीचा पिंजरा स्वतः बांधतो आणि स्वतःच त्यात बसतो, त्याला आपण फार तर वेडा म्हणू. स्वतःचे डोके स्वतःच्या कारागिरीवर सोपवण्याचा हक्क त्याला आहे, असे व्यक्तिस्वातंत्र्याचा कोणीही पुरस्कर्ता म्हणेल. अर्थात त्याचाही हक्क वाटतो तितका मोकळा नाही. गाड्या विकल्या जातात. रंगाखालचा बाक तसाच राहतो आणि बसणारे डोके बदलते. भाच्याच्या बाबतीत तर ते डोके पहिल्यापासूनच दुसऱ्याचे होते.

मी म्हणालो, "मग ही नळी रंग देण्याआधी त्याच्या हातात दे. बोट फिरवून बघ म्हणावं. कशाने वाकवली तेही सांग. आणि त्याला विचार, चालेल का. 'ना' लावू नकोस."

भाचा लगेच म्हणाला, "तो काय नाही म्हणणार आहे, मामा? आम्ही सिनिअर. त्याला गाडी चालवायला मिळते आहे, तो 'हो'च म्हणेल."

"मग त्याचा 'हो' कशाला विचारायचा?"

हे मी त्याला अडकवण्यासाठी म्हटले नव्हते. ते विचारल्यावर मीच अडखळलो. कारण माझा सगळा भर या एका संमतीवर होता. ज्याला धोका आहे त्याला सांगावे, त्याची संमती घ्यावी, म्हणजे आपण मोकळे झालो, असे मी धरून चाललो होतो. पण ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला वजन किती? शिपाई मला, "सर, तो घोडा बदला," असे म्हणू शकले असते काय, चिरलेला पाय त्यांनी पाहिला असता तरी? आपल्या समाजात वरच्याने खालच्याला विचारलेले बहुतेक प्रश्न 'ना' लावूनच विचारलेले असतात. तोंडाने 'ना' उच्चारला नाही तरी तो असतो. तेव्हा संमतीने कारागिराची सुटका होत नाही. दुसऱ्याला सांगितलेच पाहिजे, हे खरे. पण ज्याला नकार देता येत नाही त्याच्या वतीने नकार देण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावरच राहते. त्या चालकाचे 'चालणार नाही' हे वाक्य भाच्यालाच बोलावे लागणार होते.

भाच्याने नळी उचलली, पुन्हा एकदा तिच्या आतल्या कडेवरून बोट फिरवले आणि तो निघून गेला. पैशांचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. तो मी त्या वेळी काढायला हवा होता असे आता वाटते.

पुढे खंडेनवमीला त्याने मला आग्रहाने वर्कशॉपमध्ये नेले. हत्यारांची पूजा मांडली होती: करवती, कानशी, ड्रिल, वेल्डिंगचे यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले. पाइप बेंडरलाही फूल होते, आणि ते योग्यच होते. त्याचा काही अपराध नव्हता. त्याच्याशेजारी तीच वाकलेली नळी ठेवली होती. मुलांनी पिंजऱ्याची आखणी बदलून बाक कमी केले होते, आणि उरलेले बाक औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराकडून नेमक्या मापाच्या साच्यावर काढून घेतले होते. सर्वांनी मिळून एकसारखे रंगीत सदरे शिवायचे ठरले होते, ते पैसे त्यात गेले. नवी आखणी सुमारे दीड किलो जड झाली होती, हे सांगताना भाच्याचा चेहरा थोडा उतरला होता. चालवणारा मुलगा तिथेच होता. त्याने मला नव्या बाकावरून बोट फिरवायला लावले. कुठेही काही लागले नाही.

हिवाळा सरताना स्पर्धा झाली. गाडी शेवटपर्यंत धावली. बक्षीस मिळाले नाही. ती उलटली नाही. पिंजऱ्याची परीक्षा झालीच नाही, आणि ती जुनी नळी बसवली असती तरीही बहुधा हेच सारे असेच झाले असते. तो पहिला युक्तिवाद, संभवाचा, शेवटी खरा ठरला असे कोणी म्हटले तर मला प्रतिवाद करता येणार नाही. भाच्याने परत आल्यावर फोनवर मला हेच सांगितले, आणि पुढे म्हणाला की, शर्यत चालू असताना तो कुंपणापाशी उभा होता. गाडी प्रत्येक उंचवट्यावर हवेत उडत होती, आणि दर वेळी त्याला भीती वाटत होती ती फक्त शर्यतीची.